सपाट झालेली ओळ

भोकाभोकांचा करडा दगड – भिजल्यावर जड व्हायला हवा, पण हा उलट हलकाच वाटतो – उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकावरून पाच वेळा असा, पाच वेळा तसा फिरवला, की पाण्यात पिठासारखं काहीतरी उतरतं. ते आपलंच कातडं. छत्तीस वर्षं सोफ्यांच्या पाठी शिवल्या, दाभणात सुतळी ओवली, ती याच बोटाला वेढा देऊन करकचून ओढली, तेव्हा कुठे हे कातडं एवढं तयार झालं. खिळा टोचला तरी पत्ता लागू न देणारं. धंद्यातली माणसं त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, हात आहे की फळी! त्याला ते आवडायचं. आणि आता सहा महिने झाले, रोज सकाळी कोमट पाण्यात बोट बुडवून बसायचं, दगडाने घासायचं, वर तेल चोळायचं, आणि छत्तीस वर्षांची कमाई मोरीत सोडून द्यायची.

"राजेसाहेबांच्या बोटाची आंघोळ झाली असेल तर मोरी मोकळी करा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

वाक्य बायकोचं जुनंच होतं, आवाज मात्र गेल्या आठ महिन्यांतला. पूर्वी असं काही बोलली की ती स्वतःच आधी हसायची, मग आतल्या खोलीतून लेक, ठकी, हसायची, आणि शेवटी तो – कारण दोघी हसताहेत म्हटल्यावर आपण मागे का राहायचं. आता वाक्य तेवढं येतं आणि हसू येत नाही. तो उठला. बोट टॉवेलने टिपलं, खसाखसा पुसलं नाही; वाचायला शिकवणाऱ्या मास्तरांनी तसं बजावलं होतं.

आज शुक्रवार. आज चार वाजता ते पुस्तक येणार.

खरं तर पुस्तक घरातच होतं. ठकीच्या खाटेशेजारच्या फळीवर नऊ खंड, एकेक खंड उशीएवढा जाड, कारण तिच्या लिपीत एक पान म्हणजे डोळसांच्या पानाचा जेमतेम एक कोपरा. धर्मग्रंथ डोळसांचा एका हातात मावतो, आमचा उचलायला हमाल लागतो, असं ती म्हणायची. ती जन्मापासून आंधळी. एकवीस वर्षं या घरात ती बोटाने वाचत होती आणि एकवीस वर्षं त्याने त्या टिंबांवरून साधा हातसुद्धा फिरवला नव्हता. "बाबा, सहाच तर टिंबं आहेत. आठ दिवसांत शिकाल," ती म्हणाली होती – किती वर्षांची असेल तेव्हा, अकरा? बारा? – आणि तो म्हणाला होता, हातातलं काम संपू दे. छत्तीस वर्षांत हातातलं काम कधी संपलं नाही, हे सांगायला नकोच.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी त्याने तिसरा खंड उचलला. का, ते माहीत नाही. दवाखान्यात मशीनवर जाताना ती शेवटी शेवटी तोच खंड पिशवीत घालून न्यायची म्हणून असेल. मांडीवर ठेवला तर तो आपोआप एका पानावर उघडला – एकशे बारा, कोपऱ्यात डोळसांसाठी आकडा छापलेला होता – आणि त्या पानावर, खालून पाचव्या ओळीत, मधोमध, टिंबं नव्हतीच. कागद तिथे सपाट होता, किंचित चकचकीत, किंचित खोलगट. बाकी पानभर बारीक पुरळ उठल्यासारखी टिंबं आणि तिथे बोटभर जागा गुळगुळीत. वाचून वाचून झिजवलेली. तिचं सगळ्यात लाडकं, किंवा सगळ्यात जिव्हारी लागलेलं, जे काही असेल ते तिथे होतं, आणि तिथेच ते पुसलं गेलं होतं. तो पान खिडकीशी धरून, तिरपं धरून, दिव्याखाली धरून बघत राहिला. काय होतं तिथे? काय वाचत होतीस तू रोज? माझ्याबद्दल काय ठरवलंस?

या शेवटच्या प्रश्नासाठीच तो सहा महिने बोट घासत होता. बाकी सगळी सबब.

दुकानात दातांच्या डॉक्टरकडचा लांब बाक आला होता. त्याचं रेक्झिन उचकटता उचकटता बारा वाजले. बाकाच्या दाराकडच्या टोकाला बैठक पार खाली गेलेली, आणि मधल्या भागात कापड विरलेलं. गिऱ्हाईक दोन्ही एकच समजतात – "झिजलंय हो, बदला" – पण ज्याने आयुष्य यात घातलं त्याला कळतं. माणसं जिथे सरकतात, उठतात, बसतात, तिथे कापड झिजतं. जिथे माणूस न हलता बसून राहतो तिथे कापड धड असतं, आतला काथ्या दबतो. झिजणं वेगळं, दबणं वेगळं. दाराशी बसणारे बहुतेक पळून जायच्या तयारीने बसत असतील, आणि तिथेच खिळून राहत असतील... तो स्वतःशी हसला, आणि लगेच मागे वळून बघितलं. अशा विनोदाला दाद देणारी दुकानात एकच होती.

सुट्टीच्या दिवशी ती यायची. ऑफिसात आठवडाभर फोन घ्यायची, आणि सुट्टीला इथे स्टुलावर बसून तयार झालेल्या गाद्या तपासायची. तळहात सपाट ठेवून हळूच पुढे न्यायची, मध्येच थांबायची. "इथे गाठ आहे बाबा." नाही गं, काही नाही. "आहे. वाटाण्याएवढी." तो चरफडत शिवण उसवायचा आणि वाटाण्याएवढी गाठ निघायची. मग ती इतक्या मोठेपणाने मान डोलवायची की त्याला तिच्या टाळक्यात एक टपली द्यावीशी वाटायची, आणि तो देतही असे. तिच्या हाताखालून काही सुटायचं नाही. वाटाण्याएवढं खोटं सुटायचं नाही.

...मग माझं कसं सुटलं असेल?

पट्ट्यांची लांबी मोजताना त्याचा आकडा चुकला. पुन्हा मोजली. पुन्हा चुकला.

दवाखान्यातल्या त्या हॉलमध्ये आठ खाटा आणि आठ मशीनं होती. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास. तिच्या डाव्या दंडातून रक्त नळीने बाहेर यायचं, मशीनमधून फिरून परत आत जायचं, आणि उजवा हात मोकळा असायचा, मांडीवरच्या पुस्तकावर. मी शेजारच्या लोखंडी खुर्चीत. त्या खुर्चीला गादी नव्हती. मी पहिल्या आठवड्यात म्हणालो होतो, यांना एक फुकट करून देतो. दिली नाही. तेही राहिलंच. डॉक्टरीणबाई एके दिवशी मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, असं मशीनवर वर्षानुवर्षं नाही काढता येणार, आईला साखर आहे म्हणजे त्या बाद, तुमची तपासणी करून घेऊ, जुळलं तर तुमचं एक मूत्रपिंड मुलीला देता येईल. त्यांनी फॉर्म दिला. मी तो घडी करून खिशात ठेवला, घरी येता येता दुकानात शिरलो, आणि खिळ्यांच्या डब्यांच्या खणात, सगळ्यांत खाली, ठेवून दिला.

अकरा आठवडे.

मला भीती वाटली. एवढंच आहे, याहून मोठं काही नाही. कुणी मला विचारलं असतं तर सांगायलाही लाज वाटावी इतकं ते साधं होतं. कापतील. झोपवतील आणि कापतील. आतून एक तुकडा काढतील. मी उठलो नाही तर? उठलो आणि पूर्वीसारखी सुतळी ओढता आली नाही तर? मी लेकीवर जीव टाकणारा बाप, सगळी गल्ली सांगेल, तिच्यासाठी जीव देईन असं मीही शंभरदा म्हटलेलं – आणि जीव नको, नुसता त्यातला एक वाटा द्या म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. ती विचारायची, अगदी सहज, बोट पुस्तकावर ठेवून, "बाबा, त्या तपासणीचं काय झालं?" आणि मी सांगायचो. साहेब परगावी गेलेत. तिथलं मशीन बिघडलंय. एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या आल्यात, तेवढ्या होऊ देत. वेळ मारून न्यायची म्हटलं की माझ्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणायची, "बरं." दर वेळी फक्त "बरं."

बाराव्या आठवड्यात मी गेलो. जुळलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलला होता. ऑपरेशनची तारीख ठरली, आणि तारखेच्या आधी सोळा दिवस तिला ताप भरला, आणि नऊ दिवसांत... जुळलं होतं. हे जुळलं नसतं तर मी जगलो असतो.

बायकोला यातलं काही माहीत नाही. हिला वाटतं, दवाखान्याने उशीर केला. आठ महिने ही दवाखान्याला शिव्या घालते आणि तो मान खाली घालून जेवतो.

चार वाजता त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मास्तरांकडे निघाला. मास्तरांची शाळा दोन रस्ते सोडून, एका इमारतीच्या तळमजल्यावर. ठकीला त्यांनी आठव्या वर्षापासून शिकवलं होतं. ते नऊ खंडही त्यांनीच मिळवून दिलेले. ते स्वतः आंधळे, सत्तरीला टेकलेले, आणि चहाच्या कपात बोट घालून चहा किती गरम आहे ते बघणारे. सहा महिन्यांपूर्वी तो तिसरा खंड घेऊन त्यांच्याकडे गेला होता, एकशे बारावं पान उघडून पुढे केलं होतं, एवढी ओळ वाचून दाखवा म्हणाला होता. त्यांनी बोट फिरवलं, थांबले, मागे आले, पुन्हा फिरवलं. "शब्द गेलाय," ते म्हणाले. "ओळीची सुरुवात लागते, पण मधला गेलाय. अर्धीमुर्धी कशाला सांगू? मोठ्या वाचनालयात याच छपाईची प्रत आहे. मागवतो. यायला वेळ लागेल, तोपर्यंत तुम्ही एक काम करा."

"काय?"

"वाचायला शिका. आयतं कशाला खाता?"

आणि त्यांनी पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर त्याचं बोट ठेवलं होतं. डाव्या हाताचं बोट मऊ असेल, ते वापरा, असं ते म्हणाले. पण ती उजव्याने वाचायची म्हणून तो हट्टाला पेटला, उजवंच. पहिला महिना काही लागेना. वाळूवर हात फिरवावा तसं. दुसऱ्या महिन्यात त्याने लबाडी केली. पहिला खंड त्याला अर्धा पाठ होता, लहानपणी वडील मोठ्याने वाचायचे म्हणून. तेव्हा बोट नुसतं पुढे ढकलायचं आणि तोंडाने म्हणून मोकळं व्हायचं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "सोफावाले, तुमचं तोंड तिसऱ्या ओळीत आहे आणि बोट पहिल्या. दोघांची भेट कुठे ठरलीय?"

मग त्यांनी नियम घातला. दिवसाला एक ओळ. घरी जाऊन तीच ओळ. उद्या येईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. चिडचिड झाली त्याची – एका ओळीने काय होणार, या वेगाने तिसऱ्या खंडापर्यंत पोचायला दुसरा जन्म लागेल! पाठ असलेला भाग संपला तशी ओळींमध्ये नुसती नावं लागली. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठून निघाला, कुणी कुठे मुक्काम केला. वडील वाचताना हा भाग भरभर उरकायचे. याला उरकता येईना. एक नाव त्याने तीन दिवस वाचलं. पहिल्या दिवशी पहिलं अक्षर, दुसऱ्या दिवशी दुसरं आणि पहिलं विसरलं, तिसऱ्या दिवशी सगळं नाव एकदम बोटाखाली उभं राहिलं, आणि त्याला – का कोण जाणे – भरून आलं. हजारो वर्षांपूर्वीचा कुणी एक, कुणाचा तरी मुलगा, एका ओळीपुरता आलेला आणि पुढच्या ओळीत मेलेला. पण तीन दिवस त्याच्या दाराशी बसल्यावर तो ओळखीचा झाला होता. त्या दिवशी दुकानातून घरी येईपर्यंत त्याने एकदाही फॉर्मचा विचार केला नाही. हे त्याच्या लक्षात आलं ते झोपताना. मग त्याचीच लाज वाटून तो जागा राहिला.

पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. ओळ वाचायला गेला, पान एकशे बारासाठी नव्हे – निदान अर्धा तास तरी नव्हे. कधी कधी ओळ काही बोलायची नाही, नुसती टिंबं. कधी एखादा शब्द – "मग", "तिथे", "पुन्हा" – असा बोटाला लागायचा की तो तिथेच घुटमळायचा. बायको एकदा म्हणाली, "ज्याला आपलं ऐकू येत नाही त्याचं पुस्तक कशाला वाचायचं?" ऐकू येत नसेलही. पण इतक्या हळू वाचताना एक व्हायचं : पुढच्या शब्दावर आपली हुकमत नाही हे कबूल करावं लागायचं. तो येईल तेव्हा येईल. आणि तो येतोच, एवढं तरी सहा महिन्यांत कळलं होतं. त्याला कुणी आशा म्हणत असतील तर म्हणोत. त्याला ती फार लहान वाटायची, एका अक्षराएवढी, पण तेवढी होती.

मास्तरांच्या टेबलावर दोन जाड खंड शेजारी शेजारी ठेवले होते. त्याचा, म्हणजे तिचा, तो काल ठेवून गेला होता. दुसरा नवा, कोरा, कुणी कधी उघडला नसेल असा.

"आलं," मास्तर म्हणाले. "बसा. वाचायच्या आधी एक विचारायचंय. मी काल रात्री हिचं पान पुन्हा बघितलं. ही जागा मला गप्प बसू देईना." ते जुन्या खंडावर हात ठेवून थांबले. "सहा महिने आपण म्हणतोय, वाचून झिजलं. पण सोफावाले, वाचून झिजतं तेव्हा ओळ झिजते. बोट चालत असतं हो, डावीकडून उजवीकडे. इथे मागची अक्षरं शाबूत, पुढची शाबूत. मध्येच बोटभर जागा गेलीय. असं वाचून होत नाही."

त्याचा हात त्याला न विचारता पुढे गेला आणि त्या सपाट जागेवर टेकला. दगडाने घासून मऊ झालेल्या बोटाला पहिल्यांदाच ते नीट कळलं. कागद पातळ झालेला नव्हता. कागद धड होता. तो दबला होता. झिजणं वेगळं, दबणं वेगळं.

"कशाने होतं मग?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारता त्याला वाटलं, हे आपल्याला ऐकायचं नाही.

"आम्ही वाचताना कुणी बोलायला लागलं ना," मास्तर म्हणाले, "तर आम्ही बोट उचलत नाही. उचललं की जागा हरवते. तुम्ही डोळ्यांनी परत शोधाल, आम्ही कुठे शोधायचं? म्हणून बोट तिथेच ठेवायचं, जरा दाबून. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत. संपलं की पुढे. मला वाटतं, पोरगी या जागेवर पुष्कळदा थांबली. घामाचा हात, वर हाताचं वजन... कागदच तो. कोण बोलत असायचं तिच्याशी तिथे?"

साहेब परगावी गेलेत. मशीन बिघडलंय. चाळीस खुर्च्या आल्यात.

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे ही जागा त्याची होती. तिने काही अधोरेखित केलं नव्हतं, काही निवडलं नव्हतं. ती एका पानावर अडकली होती आणि तो तिच्याशी खोटं बोलत होता, आणि ती बोट ठेवून थांबली होती. त्याचं संपायची वाट बघत. आज संपेल, आज हा खरं बोलेल, मग मी पुढे वाचेन. आठवड्यातून तीन दिवस. अकरा आठवडे. आणि "बरं" म्हणून ती पुढे तरी गेली होती का? की ते "बरं" म्हणजे, संपलेलं नाही अजून, मी आहे इथेच...

की झोप लागत असेल तिला? मशीनवर ग्लानी यायचीच. नुसता हात पडून राहिला असेल. की खरंच ती ओळ तिला धरून बसावीशी वाटत असेल. कुणाला विचारायचं? जिच्या हाताखालून वाटाण्याएवढं खोटं सुटत नव्हतं तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे आता कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही, जुन्या नाही आणि नव्या नाही. सहा महिने तो निकाल वाचायला शिकत होता, आणि निकाल तिथे नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. समोरचा माणूस आंधळा म्हणून त्याने ते पुसलं नाही. मास्तरांनी मात्र चहाचा कप बाजूला सरकवला आणि टेबलावरून हात लांबवून त्याच्या कोपराला धरलं.

"वाचायचं का?" त्यांनी शेवटी विचारलं. "का आज राहू दे?"

"वाचतो."

नवा खंड. पान एकशे बारा. खालून पाचवी ओळ. टिंबं इतकी टोकदार की बोट दचकलं. तो ओळीच्या सुरुवातीला गेला. पहिलं अक्षर लागलं, मग दुसरं गेलं, परत आला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. जो. पुढचं मोठं होतं, त्यात तो दोनदा हरवला, एकदा त्याला "थोडा" वाटलं. नव्हतं. थांबतो. जो थांबतो. तो श्वास धरून होता हे त्याला श्वास सुटल्यावर कळलं. मग पुढचा शब्द, लांबलचक, त्या एका शब्दाला दहा मिनिटं गेली असतील. त्याच्याजवळ.

जो थांबतो, त्याच्याजवळ –

आणि इथे ती जागा आली. तिचं बोट असायचं ती. पुढच्या शब्दाच्या पहिल्या टिंबाची कड त्याला जाणवली.

"त्याच्याजवळ?" मास्तरांनी हळूच म्हटलं. नवी प्रत आल्या आल्या त्यांनी ती ओळ वाचून ठेवली होती, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. "सांगू?"

काय असतं त्याच्याजवळ? काय येतं? कोण बसतं? की काहीच राहत नाही? मास्तरांच्या ओठांवर होतं ते. एक शब्द. सहा महिन्यांपूर्वी या एका शब्दासाठी त्याने त्यांचे पाय धरले असते.

"नको," तो म्हणाला. "उद्या वाचेन. एक दिवस, एक ओळ, असं तुम्हीच म्हणता ना."

"ओळ पूर्ण नाही झाली."

"नाही झाली," तो म्हणाला, "पण मला आधी एक काम आहे."

घरी यायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. चालणं थांबवावंसं वाटत नव्हतं. ती थांबली होती. हे एवढंच राहून राहून येत होतं, दर वेळी वेगळ्या बाजूने. आधी आलं तेव्हा ते आरोपासारखं होतं, छातीत रुतणारं. कोपऱ्यावर वळताना आलं ते तसं नव्हतं. ज्याचं बोलणं कधी खरं होणारच नाही असं वाटतं, त्याच्यासाठी कुणी बोट दाबून जागा धरून ठेवत नाही. पुस्तक मिटून टाकतात. तिने मिटलं नव्हतं. आणि तो गेला होता बाराव्या आठवड्यात... उशिरा, फार उशिरा, काही उपयोग न होण्याइतक्या उशिरा, पण गेला होता. हे तिला कळलं होतं. "जुळलं गं," असं त्याने सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली होती? त्याला आठवेना. इतकं सगळं आठवतं आणि हे आठवत नाही. आठवेल. नाही आठवलं तर नाही.

बायको टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. तो समोरच्या खुर्चीत बसला, चपला न काढता.

"काय निघालं मग?" तिने वर न बघता विचारलं. "सहा महिने जीव टाकलात त्या पानावर."

"पूर्ण नाही वाचलं. एक शब्द राहिला."

"मास्तरांना विचारायचा."

"ते सांगत होते. मीच नको म्हटलं."

"तुमचं पण एकेक," ती म्हणाली. शेंग फोडली, अंगठा आत सारला, दाणे भांड्यात पडले. दुसरी घेतली. "दवाखान्यातल्या लोकांनी तुमच्याइतकी सावकाशी दाखवली म्हणून तर..."

"अगं," तो म्हणाला. "दवाखान्याने नाही. एका फॉर्मचं मला तुला काही सांगायचंय."

तिचा अंगठा शेंगेत अर्ध्यावर थांबला. तिने शेंग खाली ठेवली नाही, पुढे सोललीही नाही.

"बोला," ती म्हणाली.

भीती तशीच आली. जुनीच, ओळखीची. हे ऐकल्यावर ही कोण असेल, या घरात असेल का, पुन्हा कधी त्या बोटाच्या आंघोळीवरून बोलेल का – काही सांगता येत नव्हतं. सबबींची त्याने सवयीने वाट पाहिली. त्या नेहमी न बोलावता यायच्या. आज त्या आल्या नाहीत. त्याच्या ध्यानात आलं, की लोखंडी खुर्चीत बसून ते सगळं बोलताना त्याने नेहमी नळीकडे पाहिलं होतं, मशीनवरच्या आकड्यांकडे, स्वतःच्या हातांकडे. आपल्यासाठी थांबलेल्या माणसाच्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. पहिला शब्द अजून सापडत नव्हता. पण खोटा एकही जवळ नव्हता.